मुंगीची दुभाषी

३ सप्टेंबर

निवृत्तीनंतर आज पहिल्यांदा मला कुणीतरी बोलायला बोलावलं.

बातमी लेकीनं आणली; आम्ही दोघं नवरा-बायको हल्ली तिच्याकडेच, परदेशात राहतो. कोपऱ्यावरच्या शाळेत आपली भाषा बोलणारी एक नवी मुलगी आली आहे, आठ वर्षांची. आईबरोबर उन्हाळ्यात या देशात आली. इंग्रजी येत नाही आणि शाळेत तोंडातून चकार शब्द काढत नाही. शाळेला दुभाषी हवाय, बिनपगारी. "आई, तू जा," लेक म्हणाली. "तुला बोलायला मिळेल, आणि आम्हाला..." पुढचं तिनं गिळलं. जावई खिडकीबाहेर बघत राहिले.

हे म्हणाले, "मुलगी लहान आहे. जरा बेतानं."

बेतानं म्हणजे काय? मी विमा कचेरीत तीस वर्षं नोकरी केली, पण माझं खरं काम चालायचं फाटकाबाहेर. कामगार संघटनेच्या द्वारसभेत मी उभी राहिले की वरच्या मजल्यावर साहेबांच्या खिडक्या बंद व्हायच्या. कपाटभर पुस्तकं वाचून आणि त्याहून जास्त माणसं बघून मी एका निष्कर्षाला आले आहे: जगातला प्रत्येक अन्याय कुणाच्या तरी गप्प बसण्यावर उभा असतो. गप्प माणसाला आवाज मिळवून देणं, यापलीकडे मला दुसरा धर्म नाही.

दुपारी मुख्याध्यापिकांना भेटले. सडपातळ बाई, बोलताना पेनाचं टोपण चावतात. त्यांनी सांगितलं, सत्र संपेपर्यंत मुलगी आपलं म्हणणं इतरांपर्यंत पोचवू लागली नाही, तर तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत, नवागतांच्या वर्गात पाठवावं लागेल. "तिथे तिच्यासारखीच मुलं असतात."

तिच्यासारखीच. हा शब्द मी ओळखते. वेगळी खोली म्हणजे वेगळी वागणूक. शिवाय ती शाळा दोन बस बदलून, आणि मुलीची आई एका हॉटेलच्या धुलाईघरात सकाळच्या पाळीला. मुलीला पोचवायचं तर नोकरी सोडायची. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, ही मुलगी या वर्गातून हलणार नाही, जबाबदारी माझी.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी अजून तुमचं नावही विचारलं नाही."

५ सप्टेंबर

तिला घरी मुंगी म्हणतात. दोन वेण्या, बोटांना खडूची पूड, आणि नजर अशी की वर्गातलं एकही झुरळ तिच्या डोळ्यांतून सुटणार नाही. मला तिच्या शेजारी मुलांच्या खुर्चीवर बसवलं आहे. गुडघे हनुवटीला लागतात, पण चळवळीत सोयी कोण बघतं?

शाळेत ती खरंच कुणाशी बोलत नाही. मला मात्र अर्ध्या तासात आजी म्हणाली. माझ्या कानाशी हात धरून कुजबुजते. व्यवस्था ठरली: ती माझ्या कानात सांगणार, मी उभी राहून इंग्रजीत सगळ्यांना सांगणार.

पहिलं वाक्य आलं. "आजी, खिडकी लावायला सांगा ना, कागद उडतोय."

मी उठले. आता शब्दाला शब्द ठेवणं म्हणजे भाषांतर नव्हे, हे वाचणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. वाक्याच्या मागे माणूस असतो, माणसाच्या मागे परिस्थिती असते. मी म्हणाले, या मुलीचं म्हणणं असं आहे की आपण लिहिलेलं वाऱ्यावर जाणं हे तिला नवीन नाही. जे घर सोडून येतात त्यांचं सगळंच वाऱ्यावर गेलेलं असतं. निदान या वर्गात तरी तिच्या हातातला कागद तिच्या हातात राहावा, एवढंच ती मागते आहे.

वर्गशिक्षिका तरुण आहेत, डोळे पुसत त्यांनी स्वतः तिन्ही खिडक्या लावल्या. शेवटच्या तासापर्यंत आम्ही सगळे घामाघूम झालो होतो, पण एका मागणीचा विजय झाला होता.

मुंगीनं कानात विचारलं, "एवढं सगळं कशाबद्दल होतं?"

"खिडकीबद्दल," मी म्हणाले.

११ सप्टेंबर

आज जेवणघरात मोठी लढाई जिंकली. ताटात वाटाणे होते. मुंगी कुजबुजली, "आज वाटाणे नकोत."

वाढणाऱ्या बाईंना मी समजावलं की मुलांच्या ताटात काय पडावं हे मुलांना न विचारता ठरवणं ही हुकूमशाहीची पहिली पायरी आहे. त्यांच्या मागे रांग थांबली होती, म्हणजे श्रोते आयतेच मिळाले. एका मोठ्या मुलानं ताटावर चमचा वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच. मुख्याध्यापिका धावत आल्या. शाळा सुटायच्या आत निर्णय कळला: पुढच्या सूचनेपर्यंत वाटाणे बंद.

परतताना मुंगी म्हणाली, "आजी, मला वाटाणे आवडतात. आज पोट दुखत होतं म्हणून नको होते."

"तत्त्वाचा प्रश्न होता," मी सांगितलं.

"लालटोपीला तर खूपच आवडतात."

लालटोपी म्हणजे तिच्याच बाकावरची मुलगी, वर्गातही लोकरीची लाल टोपी काढत नाही. ती आज आमच्याकडे फारशी प्रेमानं बघत नव्हती.

१८ सप्टेंबर

मुंगीचं नाव झालं आहे. शिक्षकांच्या खोलीत म्हणे तिचीच चर्चा. "एवढ्या लहान वयात एवढी खोली," वर्गशिक्षिका मला म्हणाल्या. परवा मुंगीनं पेन्सिलीला टोक करून मागितलं, त्यावरून मी श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर चार शब्द बोलले होते, ते त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आहेत. खाली मुंगीचं नाव.

मुंगी फळ्याकडे बघते आणि मान खाली घालते. विनय आहे.

एकच काळजी. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ थांबत नाही. ती आणि लालटोपी अंगणाच्या कुंपणाशी उकिडव्या बसून गोगलगायींसाठी काड्यांचं घर बांधतात. दोघींचं काहीतरी पुटपुटणं चालू असतं. मी जवळ गेले की गप्प. खेळातले आवाज काढत असाव्यात. भाषा नसली की मुलं अशी आवाजांवर भागवतात, याबद्दल मी कुठेतरी वाचलं आहे.

२४ सप्टेंबर

आता शाळा सुटल्यावर मुंगी आमच्याकडे येते. आईची पाळी लांबली की सहापर्यंत थांबते. मला वाटलं होतं हा वेळ आम्हाला वाचनाला मिळेल. पण तिचं आणि ह्यांचं जमलं आहे. कसं जमलं कळत नाही, कारण हे तर कुणाशीच बोलत नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांचं सगळ्यात लांब भाषण झालं ते गॅस संपल्याचं.

दोघं पत्ते खेळतात. मी स्वयंपाकघरातून विचारते, काय चाललंय, उत्तर येतं, "हं."

आज कांदा चिरताना आतून इंग्रजी ऐकू आलं. बारीक आवाज, भराभर, मध्येच हसणं. हात पुसत गेले तर हे दोघं पत्ते पिसत बसलेले.

"रेडिओ लावला होतात का?"

"हो," हे म्हणाले.

"मग बंद कसा?"

ह्यांनी मुंगीकडे पाहिलं. मुंगीनं पत्त्यांकडे पाहिलं. "सेल गेले असतील," हे म्हणाले.

रेडिओचे सेल आठवड्यापूर्वीच बदलले होते. हल्ली कुठल्याच वस्तूत दम राहिलेला नाही.

२ ऑक्टोबर

जेवताना ह्यांनी विचारलं, "तू बोलताना श्वास कधी घेतेस?"

मी म्हणाले, ज्यांना सांगण्यासारखं असतं त्यांना श्वास पुरतो.

"तुझं नाही विचारत," हे म्हणाले. "समोरच्यानं कधी घ्यायचा?"

जावयांना ठसका लागला. लेकीनं त्यांच्या पाठीवर गरजेपेक्षा जास्त थापट्या मारल्या.

१७ ऑक्टोबर

सत्र संपत आलं. आज मुख्याध्यापिकांनी मुंगीला आणि मला खोलीत बोलावलं. टोपण चावत, पण प्रेमानं विचारलं, "तुला इथे बरं वाटतं का?"

मुंगी माझ्या कानाशी आली. "हो म्हणा. मला इथंच राहायचंय, लालटोपीजवळ."

मी क्षणभर डोळे मिटले. माझ्या आयुष्यातलं हे सर्वोत्तम भाषांतर असेल. मी म्हणाले, बाई, ही मुलगी विचारते आहे की राहणं म्हणजे काय. बाकावर जागा मिळाली म्हणजे घर मिळालं का? ज्या भिंतींनी तिची भाषा कधी ऐकली नाही त्या भिंतींमध्ये ती पाहुणीच आहे. तिच्या आईच्या बोलीतला एक शब्द जिथे मोकळेपणानं उच्चारता येईल, अशा जागेची तिच्या मनाला ओढ आहे. शेवटी शेवटी माझाच आवाज भरून आला.

मुख्याध्यापिकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मुंगी माझ्याकडे बघत राहिली. इतक्या लांबलचक "हो"चं तिलाही कौतुक वाटलं असणार.

१९ ऑक्टोबर

दगाफटका. दुसरा शब्द नाही.

मुख्याध्यापिकांनी आज सांगितलं की माझं बोलणं ऐकून त्यांना रात्रभर झोप लागली नाही. मुलीला पाहुणी म्हणून ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे, हे त्यांना पटलं आहे. नवागतांच्या वर्गात आपली भाषा जाणणाऱ्या एक शिक्षिका आहेत, तिथल्या भिंतींनी ती भाषा ऐकलेली आहे. पुढल्या सत्रापासून मुंगी तिकडे. "तिचंच म्हणणं मी मान्य करते आहे," त्या म्हणाल्या.

अशी माणसं असतात. ऐकून घेतात, मान डोलावतात आणि आपल्या मनातलंच करतात.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी विचारलं, "मुंगी नेमकं काय म्हणाली होती?"

"हो म्हणाली होती. इथंच राहायचंय, लालटोपीजवळ."

"आणि तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाजाच्या चढउतारासकट. ऐकून हे उठले आणि भांडी घासायला लागले. भांडी घासलेलीच होती.

२१ ऑक्टोबर

मुंगीची आई आली होती. अंगाला साबणाचा वास, हातांची बोटं पाण्यानं सुरकुतलेली. चहा नको म्हणाली, बसायलाही तयार नाही.

"मावशी, तुम्ही एवढं छान बोललात की मोठ्या बाई रडल्या म्हणे."

"हो," मी म्हणाले.

"मग आता एकदा वाईट बोला. माझं काम सातला सुरू होतं. दोन बस करून तिला सोडायची म्हणजे हे काम गेलंच. आणि ती परवापासून जेवत नाहीये. लालटोपीला काय सांगू, लालटोपीला काय सांगू, एवढंच चाललंय."

मी तिला शब्द दिला की निर्णय फिरवून दाखवीन. मुख्याध्यापिकांना निरोप पाठवून शुक्रवारची वेळ घेतली आहे.

"थोडक्यात सांगा हं मावशी," दारातून वळून ती म्हणाली.

हे तिला सोडायला जिन्यापर्यंत गेले. बराच वेळ खाली काहीतरी बोलणं चालू होतं. हे, बोलत होते.

२३ ऑक्टोबर

भाषण लिहून झालं. चार भाग. पहिल्या भागात स्थलांतराचा इतिहास, दुसऱ्यात शिक्षणाचं तत्त्व, तिसऱ्यात मातेचे श्रम, चौथ्यात मुंगी.

संध्याकाळी मुंगीला तयार करायला घेतलं. ती उभी राहील तेव्हा तिच्या नुसत्या उभं राहण्यातही तेज दिसलं पाहिजे. तिला स्टुलावर चढवलं. खांदे मागे, हनुवटी वर, नजर सभेच्या शेवटच्या रांगेवर.

"शेवटची रांग कुठंय?"

"समज की आहे."

"तिथे आजोबा मोजे वाळत घालतायत."

मग ती स्टुलावरच बसली. दोन्ही वेण्या पुढे घेऊन बराच वेळ टोकं चाळवत राहिली. "आजी, शुक्रवारी मी बोलले तर चालेल?"

"हा काय प्रश्न झाला? तू बोलायचंच आहेस. माझ्या कानात. पुढचं मी बघते."

तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या हातातून एक मोजा खाली पडला. सभेआधी असं दडपण येतंच.

२६ ऑक्टोबर

घडलं तसं लिहिते.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही सहाजण: त्या, वर्गशिक्षिका, मुंगीची आई धुलाईघराच्या कपड्यांतच पाळीवरून तासभर सुटी मागून आलेली, मुंगी, मी आणि हे. ह्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "छत्री लागेल म्हणून आलो," म्हणाले. बाहेर लख्ख ऊन होतं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, निर्णय मुलीच्या भल्याचाच आहे, तरी तिला काही सांगायचं असेल तर त्या ऐकतील. मुंगी माझ्या कानाशी आली. "सांगा, मला नाही जायचं."

मी उभी राहिले. पहिला भाग उत्तम झाला. माणसाचे पाय आणि माणसाची मुळं यांच्यातला झगडा मी असा मांडला की वर्गशिक्षिकांनी रुमाल काढला. दुसऱ्या भागात मी म्हणत होते की या मुलीच्या अंतःकरणात एक प्रश्न धुमसतो आहे, ती तुम्हा सर्वांना विचारते आहे, की कुठवर आम्ही दुसऱ्यांच्या दारात उभं राहायचं. तेवढ्यात माझी बाही ओढली गेली. मी बोलत राहिले. पुन्हा ओढली गेली. मग कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं,

"नो."

मला वाटलं मुख्याध्यापिका. पण त्यांच्या तोंडात टोपण होतं.

"आय डोन्ट से दॅट," मुंगी म्हणाली. खांदे मागे नव्हते, हनुवटी वर नव्हती. ती खुर्चीच्या काठावर बसली होती आणि पाय जमिनीला टेकत नव्हते. "आजी टॉक बिग. आय टॉक स्मॉल. आय से, आय स्टे हिअर. माय फ्रेंड इज हिअर. मम्मा वर्क सेवन ओक्लॉक." मग थोडा विचार करून, "अँड पीज ओके. पीज कम बॅक, प्लीज."

टोपण टेबलावर पडलं आणि गडगडत माझ्या पायाशी आलं.

मुख्याध्यापिकांनी अगदी हळू विचारलं की तुला इंग्रजी केव्हापासून येतं. मुंगी म्हणाली, थोडं थोडं येतं, लालटोपी शिकवते, आजोबांबरोबर पत्ते खेळताना ती सराव करते. मग वर्गात का बोलली नाहीस? तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरं उत्तर देताना मुलं बघतात तसं.

"आय वेट," ती म्हणाली. "बट आजी नॉट स्टॉप."

हे छताकडे बघत होते. मुंगीच्या आईला इंग्रजी जेमतेम, तिनं घाबरून माझा दंड धरला. "मावशी, काय म्हणतेय? काय झालं?" आणि मला, दुभाषीला, सांगता येईना.

मुख्याध्यापिकांनी दुसरं काही विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, जी मुलगी आपल्या दुभाष्याला मध्येच थांबवून दुरुस्त करते, तिचं म्हणणं पोचत नाही असं मला कुठल्या तोंडानं म्हणता येईल? ती याच वर्गात राहील. "आणि वाटाणे मी आजच सांगते." आईला हे मुंगीनंच सांगितलं, आपल्या भाषेत, एका वाक्यात. आई खाली बसली. हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून नुसती बसून राहिली.

मला या प्रसंगी बोलणं भाग होतं. उठले, आणि आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी मदतीला आलं नाही. एक शब्द सापडेना. मग मी मराठीतच बोलले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. माणूस दुसऱ्याचा आवाज व्हायला निघतो तेव्हा त्याला वाटतं की आपण दिवा धरला आहे, असं काहीतरी म्हणाले. फाटकावरच्या सभांचं बोललो आम्ही, म्हणजे मी. तिथे समोर हजार माणसं असायची आणि त्यातलं एकही मला परत काही सांगायचं नाही, सगळी नुसत्या टाळ्या वाजवायची. टाळ्यांची सवय फार वाईट, असंही म्हणाले वाटतं. खिडकीबद्दल बोलले, पेन्सिलीबद्दल बोलले. बराच वेळ बोलले. मध्येच ह्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, तो पिऊन पुन्हा बोलले.

थांबले तेव्हा मुख्याध्यापिका आणि वर्गशिक्षिका एकमेकींकडे बघत होत्या. दोघींना एक अक्षर कळलं नव्हतं. मग दोघींनी मुंगीकडे पाहिलं.

"काय म्हणाल्या त्या?"

मुंगीनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. ओठ हलवून मनात काही जुळवलं. मग मुख्याध्यापिकांकडे वळली.

"शी सेज सॉरी."

तो शब्द मी संपूर्ण भाषणात कुठेही उच्चारला नव्हता. मी दुरुस्ती केली नाही.